मदुरा पायाची ‘साथ’ म्हणावी का?

विचारलेलं असं: मायसेटोमावरच्या, म्हणजे ‘मदुरा पाय’ या रोगावरच्या, एका माहितीपत्रकात ‘राजस्थानात हा बुरशीजन्य रोग एंडेमिक (त्या भागात कायम टिकून असलेला) आहे’ असं वाक्य होतं. त्याचं मराठी ‘राजस्थानात या बुरशीजन्य रोगाची साथ आहे’ असं केलंय. चालेल का?

नाही चालणार. साथ येते, फैलावते, ओसरते. पटकीची साथ, डोळ्यांची साथ. मायसेटोमाची चाल वेगळी. अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडतो, मातीतला जंतू त्या वाटेने आत शिरतो आणि कित्येक महिने काही कळतच नाही. मग एक न दुखणारी गाठ दिसू लागते. ती वाढते, तिला तोंडं पडतात आणि पुवाबरोबर खसखशीएवढे दाणे बाहेर येतात. घरातल्या दुसऱ्या कुणाला तो लागत नाही.

आपल्याकडचाच दाखला घ्या. भातलावणीच्या दिवसांत गावात कितीतरी जणांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून ‘चिखल्यांची साथ आली’ असं कुणाच्या तोंडून ऐकलंय?

‘प्रदेशनिष्ठ’ हा शब्द लगेच सुचतो, पण तो वनस्पतींच्या अभ्यासकांनी आधीच घेऊन ठेवलाय. कासचा वायतुरा प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्याच टापूतला, इतरत्र नाही. मायसेटोमा तर सुदानात आहे, मेक्सिकोतही आहे. ‘स्थानिक’ची अडचण निराळी. स्थानिक भूल म्हणजे अंगाच्या एका भागापुरती. ‘हा रोग स्थानिक आहे’ हे वाचून कुणालाही वाटेल, पायापुरताच असतो. आणि बहुतेकदा तो असतोही पायापुरताच, म्हणून घोटाळा आणखी पक्का!

गंमत म्हणजे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लोकांमधला’. इथे लोकांचा संबंध काट्यापुरता, बाकी सगळा मातीचा. मी नाम-विशेषणाचा हट्ट सोडून ‘राजस्थानात हा रोग मूळ धरून आहे’ असं लिहीन. तक्त्याच्या रकान्यात एकच शब्द हवा असेल तर ‘स्थायिक’.

मूळ धरून असलेल्या रोगाचाही कधी भडका उडतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन ह्वाकिन खोऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा ‘व्हॅली फीव्हर’ हा मातीतल्या बुरशीचाच ताप. 1994 च्या जानेवारीत नॉर्थरिजचा भूकंप झाला, डोंगरउतार कोसळले, धुळीचे लोट उठले आणि पुढच्या काही आठवड्यांत व्हेंचुरा काउंटीत 203 रुग्ण सापडले. तिथे ‘उद्रेक’ म्हणा. ‘साथ’ म्हटलं की माणसाकडून माणसाला लागण डोळ्यांसमोर येते, ती इथे नाही.

आता नावाबद्दल. ‘मदुरा पाय’मधलं मदुरा म्हणजे मदुराई, इंग्रजांच्या वेळचं स्पेलिंग. (एका ठिकाणी मी ‘मथुरा पाय’ही वाचलंय.) ‘मायसेटोमा’ हे नाव मात्र मुंबईत ठेवलं गेलं, 1860 च्या सुमाराला. ठेवणारे हेन्री व्हँडाइक कार्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजातले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेवरच्या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रं काढणारे तेच. मायसेटोमा म्हणजे सरळ ‘बुरशीची गाठ’. त्याच्या कितीतरी आधी सुश्रुताने तळहात-तळपायांवर हळूहळू वाढणाऱ्या, बऱ्याच तोंडांच्या एका गाठीला ‘वल्मीक’ म्हटलंय. वल्मीक म्हणजे वारूळ. ती नेमकी हीच गाठ होती असं छातीठोकपणे म्हणणार नाही, पण असा पाय ज्याने पाहिलाय त्याला हा शब्द विसरता येणार नाही.

‘बुरशीची गाठ’ हे नाव कार्टरना त्या वेळी सुचणं साहजिक होतं, पण या गाठीतला एक मोठा प्रकार जिवाणूंमुळे होतो. दक्षिण भारतात तोच जास्त, राजस्थानात बुरशीचा. दाणे काळे असले तर बुरशी, लाल असले तर जिवाणू, पांढऱ्या-पिवळ्यांचं नुसतं बघून सांगता येत नाही. दोन्हींची औषधं वेगळी. तेव्हा ‘साथ’ काढाच, पण पत्रक दक्षिणेतही वाटलं जाणार असेल तर त्या वाक्यातला ‘बुरशीजन्य’ही तसाच ठेवू नका.