समुद्र वर येणारच असेल, तर नवी मुंबईत नेरूळचा डीपीएस तलाव फ्लेमिंगोंसाठी राखून काय उपयोग?

उपयोग आहे, आणि निर्णय आत्ताच घ्यायला हवा. पाणी नेमकं किती चढेल हे कळेपर्यंत थांबलो, तर तोवर भराव पडलेला असेल. राखलेल्या जागेचं पुढे काहीही करता येतं, बुजवलेली पाणथळ जागा परत मिळवणं महाकठीण. अंदाज धूसर असताना मी तरी आधी हेच बघेन, की कोणता निर्णय मागे घेता येतो.

ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा फ्लेमिंगो मान वाकवून, चोच उलटी धरून त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. भरतीला चिखल बुडाला की थवे डीपीएस तलावासारख्या उथळ पाण्यात येऊन टेकतात. समुद्र वाढला तर चिखल उघडा राहण्याचा वेळ घटेल, म्हणजे असे तलाव जास्तच लागतील. खाडीला २०१५ पासून अभयारण्याचं आणि २०२२ पासून रामसर स्थळाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचं, संरक्षण आहे, पण हा तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर. भरतीचं पाणी आत येण्याची वाट अडली की तो कसा सुकतो, ते २०२४ मध्ये दिसलंच.

म्हणून आधी ती वाट मोकळी ठेवा. आणि खारफुटीच्या मागे भिंत-रस्ता नको. पाणी चढलं की खारफुटीला मागे सरकायला जमीन लागते.