आयुष्याच्या पुढच्या टप्प्यांसाठी वाचन आतापासून ठरवावं का?

हो, ठरवा, पण यादी पाच-सहा पुस्तकांपुरतीच ठेवा आणि आई-वडिलांच्या म्हातारपणाबद्दलचं वाचन मात्र पुढे ढकलू नका. तुम्ही पस्तिशीत आहात, मूल लहान आहे, आई-वडील सत्तरीकडे. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' हे नाटक आत्ताच वाचा. मुलं दूर गेलेल्या नाना-नानींचं घर त्यात आहे. आपण साठीला पोचल्यावर ते वाचलं तर डोळे पाणावतील, पण तोवर आपल्या नाना-नानींकडे जायची वेळ निघून गेलेली असेल. हे मी नागपुरातल्या एका वाचनालयात बरीच वर्षं पुस्तकं देता-घेताना पाहिलंय: वडील गेल्यावर लोक असली पुस्तकं मागायला येतात.

स्वतःच्या टप्प्यांची पुस्तकं खुशाल राखून ठेवा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा लग्नाला पंधरा-वीस वर्षं झाल्यावर जास्त उमगते. आत चिठ्ठी ठेवा, 'मुलगी दहावीला गेली की'. निवृत्तीसाठी घेताना अक्षर मोठं बघा. सीताबर्डीच्या फुटपाथवर स्वस्तात मिळणारी जुनी बारीक टायपाची प्रत चाळिशी लागली की नकोशी होते. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात पुस्तकं गच्चीलगतच्या माळ्यावर ठेवू नका, कागद पिवळा पडून कडा तुटतात.

एक अपवाद: मृत्युपत्र, आयकर, औषधोपचार यांवरची पुस्तकं साठवू नका. नियम बदलतात. ती गरज पडेल तेव्हाच, ताज्या आवृत्तीची घ्या.