२००१ ची फेरारी ३६० मोडेना, फक्त १९,००० मैल चाललेली: घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटनमध्ये २००१ ची फेरारी ३६० मोडेना मिळते आहे. एफ-वन गिअरबॉक्स, १९,००० मैल, टायमिंग बेल्ट २०१८ मध्ये बदललेले आणि त्यानंतर गाडी फक्त ७०० मैल फिरलेली. घ्यावी का, काय तपासावं, नेहमी चालवता येईल का, आणि पुढेमागे पुण्याला नेता येईल का?

तुमच्या प्रश्नात "फक्त" हा शब्द दोनदा आला आहे आणि मला काळजी त्याच शब्दाची वाटते. ३६० ही चालवल्याने कमी आणि उभी राहिल्याने जास्त खराब होणारी गाडी आहे. दरवर्षी दोन-तीन हजार मैल चाललेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली ४०,००० मैलांची गाडी मी या १९,००० वालीच्या आधी बघेन. सहा-सात वर्षांत ७०० मैल म्हणजे सील वाळलेली, टायर कडक झालेले, ब्रेक फ्लुइडने पाणी ओढलेलं आणि बॅटरी कितीदा तरी पार उतरलेली. गाडी वाईटच असेल असं नाही. पण मीटरवरचा आकडा कमी आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

पहिली गोष्ट बेल्टची. ३,५८६ सीसीचं हे व्ही-८ इंजिन ८,५०० आरपीएमला ४०० हॉर्सपॉवर देतं. दर सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण चाळीस व्हॉल्व्ह आहेत आणि दोन बाजूंना व्हॉल्व्ह उघडणारे दांडे (कॅमशाफ्ट) फिरवणारे दोन रबरी टायमिंग बेल्ट. बेल्ट तुटला किंवा दात सुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन पूर्ण खोलावं लागतं. बेल्ट मैलांनी नव्हे, वर्षांनी म्हातारा होतो. तीन वर्षांनी बदलायचा हा फेरारीच्या कामात मुरलेल्या वर्कशॉपांचा सर्वसाधारण नियम. म्हणजे २०१८ च्या बेल्टची मुदत केव्हाच उलटली आहे, गाडी किती चालली याचा इथे संबंध नाही. दिलासा एवढाच की आधीच्या ३५५ या मॉडेलमध्ये या कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं, ३६० मध्ये सीटच्या मागचा पत्रा काढून गाडीतूनच हात घालता येतो. कोणी "इंजिन काढावं लागेल" म्हणून बिल वाढवून सांगत असेल तर दुसरीकडे चौकशी करा. नुसते बेल्ट बदलून भागत नाही, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बेअरिंगही त्याच वेळी बदलायची, कारण बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही जातो. जुन्या बिलावर "बेल्ट" लिहिलंय की "बेल्ट आणि टेन्शनर बेअरिंग", ते वाचून बघा. कॅमशाफ्टच्या तोंडाशी असलेली ऑइल सील गळत असतील तर तीही त्याच मजुरीत उरकतात.

याच जागी आणखी एक जुनं दुखणं आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांचे एक्झॉस्ट कॅमशाफ्टवरचे व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारे भाग) सदोष निघाले होते आणि कंपनीने त्या गाड्या परत बोलावून ते बदलून दिले. तुमच्या गाडीला हे लागू होतं का आणि झालं असेल तर काम झालंय का, हे चॅसी नंबर देऊन अधिकृत डीलरकडून लेखी मागा. विकणाऱ्याच्या "झालं असेल हो" वर जाऊ नका.

आता एफ-वन गिअरबॉक्स. नावामुळे फसायला होतं, पण हा ऑटोमॅटिक नाही. आत साधा सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि एकाच चकतीचा कोरडा क्लच आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाहाताऐवजी हायड्रॉलिक पंप करतो. त्यामुळे बिघडतं ते दोन ठिकाणी: पंपाच्या यंत्रणेत आणि क्लचमध्ये.

पंप तपासायला कानच पुरतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाची घरघर ऐकू येते आणि काही सेकंदांत ती थांबायला हवी. बराच वेळ चालू राहिली, किंवा चालवताना दर एक-दोन गिअरमागे पुन्हा पुन्हा सुरू झाली, तर दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर मेलेला आहे किंवा पंप चालू-बंद करणारा विजेचा रिले चिकटतोय. चिकटलेला रिले पंपाला थांबूच देत नाही आणि पंप जळतो. रिले अगदी किरकोळ किमतीचा भाग आहे, पंप मात्र खूप महाग. गाडी घेतल्यावर रिले डोळे मिटून नवा टाका. या यंत्रणेत टुटेला सीएस स्पीड हे खास तेल लागतं. कोणी पातळी कमी दिसली म्हणून ब्रेक फ्लुइड ओतलं असेल तर आतली सील फुगून निकामी होतात, म्हणून टाकीतल्या तेलाचा रंग आणि वास दोन्ही बघा.

क्लच किती टक्के झिजलाय हे स्पेशालिस्टच्या संगणकावर कळतं आणि विकणारे तो आकडा मोठ्या अभिमानाने दाखवतात. पण तो आकडा क्लच बसवताना दिलेल्या सुरुवातीच्या मापावरून मोजला जातो. त्या वेळी नवं माप भरलंच नसेल तर "२० टक्के झिजलाय" याला काही अर्थ नाही. म्हणून आकड्यासोबत क्लच कधी बदलला त्याचं बिल मागा आणि चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोरात अॅक्सिलरेटर दाबून बघा. आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही असं झालं तर क्लच संपला. क्लच काढलाच तर रिलीज बेअरिंगचं सील बदलल्याशिवाय पुन्हा बसवू देऊ नका. ते नंतर गळलं की सगळी मजुरी पुन्हा.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करूच नका. खालचे पत्रे काढायला लावा, बहुतेक दुखणी त्यांच्यामागेच लपलेली असतात. सस्पेन्शनचे बॉल जॉइंट या गाडीत लवकर ढिले पडतात. स्पीडब्रेकरवर पुढून कुरकुर येणं आणि स्टिअरिंग किंचित भटकणं ही त्यांची खूण. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, तडकतात, थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक असा आवाज येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल तर संशय घ्या. मॅनिफोल्डला लागून असलेल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी आतून सुटली तर तिचा चुरा इंजिनाकडे मागे ओढला जाण्याचा धोका असतो, म्हणून हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. डॅशबोर्डवर "स्लो डाउन" दिवा लागला तर कॅटॅलिटिक तापल्याची ती सूचना असते. पुष्कळदा दोष त्या तापमापकाच्या छोट्या युनिटचा निघतो, पण हे सिद्ध होईपर्यंत दिवा खरा मानायचा आणि पाय काढायचा.

बॉडी आणि सांगाडा दोन्ही अॅल्युमिनियमचे आहेत. लोखंडी गाडीसारखा गंज येत नाही, पण जिथे स्टीलचा स्क्रू अॅल्युमिनियमला टेकतो तिथे रंगाखाली फोड येतात. दारांच्या कडा आणि चाकांच्या कमानी बोटाने चाचपा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र नेणार असाल तर अॅल्युमिनियमवर चालणारं न्या, साधं चुंबकी यंत्र इथे आकडाच दाखवत नाही. आतली बटणं हाताला चिकट लागली तर घाबरू नका, त्या काळच्या सगळ्याच फेरारींचं मऊ प्लॅस्टिक असं विरघळतं आणि ते साफ करून पुन्हा रंगवून मिळतं. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, त्यात आठवडा आणि वर्ष असतं. पुढे २१५/४५ आणि मागे २७५/४०, दोन्ही १८ इंची. खाचा भरपूर दिसल्या तरी सहा वर्षांपुढचे टायर मी या ताकदीच्या गाडीवर ठेवणार नाही.

किल्ल्या मोजा. दोन काळे रिमोट, एक लाल रिमोट आणि कोड लिहिलेलं कार्ड, असा पूर्ण संच हवा. लाल रिमोट नवे रिमोट जोडण्यासाठी असतो. तो किंवा कार्ड हरवलेलं असेल तर तेवढे पैसे किमतीतून कापा.

तपासणीला जाण्याआधी विकणाऱ्याला बजावा की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर मागचं इंजिनाचं झाकण गरम लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा, कारण थंड इंजिनाचा पहिला मिनिटच सगळं सांगतो. स्पेशालिस्टकडून प्रत्येक सिलिंडरची लीक-डाउन चाचणी (आत दाबाने हवा भरून ती किती गळते ते मोजणं) करून घ्या. गळती १० टक्क्यांच्या आत हवी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आठही आकडे एकमेकांजवळ हवेत. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्यात दर वर्षीचे मैल आणि परीक्षकाचे शेरे असतात. "बॉल जॉइंटमध्ये किंचित ढिलाई" हा शेरा तीन वर्षं सलग असेल तर मालकाचा स्वभाव तिथेच कळतो.

चालवण्याबद्दल. पाणी लवकर तापतं, तेल उशिरा. तेलाचा काटा ७० अंशांच्या पुढे जाईपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर जाऊ नका. तेलाची पातळी इंजिन तापलेलं आणि चालू असतानाच बघायची. हा ड्राय संप आहे, म्हणजे तेल इंजिनाखाली नाही तर वेगळ्या टाकीत साठतं, थंड इंजिनात काडी बुडवून बघितलं तर आकडा चुकतो आणि लोक उगाच जास्तीचं तेल ओततात. सिग्नलला स्टिअरिंगमागची गिअरची दोन्ही पॅडल एकदम ओढून न्यूट्रलला आणा. पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने सरकत राहिलात तर क्लच जळतो, पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदाच निघा. चढावर रिव्हर्स घेणं या क्लचचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, तेव्हा उताराचं पार्किंग नाकाने नव्हे, शेपटीने आत शिरून करा, म्हणजे चढावर निघताना गाडी सरळ पुढे जाईल. वरचा गिअर टाकताना अॅक्सिलरेटर किंचित सोडलात तर झटका बसत नाही. थांबून गाडी बंद करताना पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा.

वजनाचा ५७ टक्के भाग मागच्या चाकांवर आहे आणि आजच्या गाड्यांसारखा स्थिरता सांभाळणारा ईएसपी नाही. चाक घसरू न देणारी एएसआर तेवढी आहे. ओल्या वळणावर घाबरून एकदम पाय काढलात तर मागचा भाग फिरतो. वेग वळणाआधी कमी करा आणि वळणात पाय स्थिर ठेवा. पहिल्या पावसाळी महिन्यात एएसआर बंद करू नका आणि स्पोर्टचं बटणही दाबू नका.

रोज वापरता येईल का? यंत्र म्हणून येईल, शहराच्या रांगेत क्लचचा खर्च मात्र तुमचा. रुंदी १.९२ मीटर आहे, बहुमजली पार्किंगमध्ये तो जीव मुठीत धरायचा विषय होतो. लंडनमध्ये राहत असाल तर यूलेझचा (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा) दिवसाला १२.५० पौंडांचा आकार लागतो का हे गाडीचा नंबर टाकून बघा. या वयाची पेट्रोल गाडी सहसा त्यात अडकते. २००१ ची गाडी म्हणून नोंदणीची नेमकी तारीखही बघा: १ मार्च २००१ च्या आधीची असेल तर रोड टॅक्स इंजिनाच्या आकारावर, नंतरची असेल तर कार्बन डायऑक्साइडवर, आणि आधीची थोडी स्वस्त पडते. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं, ई-फाइव्ह (जास्तीत जास्त ५ टक्के इथेनॉल असलेल्या) प्रकारातलं घाला. विमा घेताना कंपनीशी आधी ठरवून घेतलेल्या किमतीचाच घ्या, बाजारभावाचा नको. गाडी उभी असेल तेव्हा बॅटरीला देखभालीचा चार्जर कायम जोडलेला हवा. बॅटरी काढून पुन्हा जोडली तर इंजिन सुरू करून अॅक्सिलरेटरला हात न लावता दहा मिनिटं तसंच चालू ठेवा, म्हणजे संगणक आपली मापं पुन्हा शिकतो.

पुण्याचा विचार सोडून द्या. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे असलं तरी.

आता सौद्याकडे. विकणाऱ्याला सांगा: बेल्ट, टेन्शनर बेअरिंग, सगळी तेलं, ब्रेक फ्लुइड आणि चार टायर एवढं काम तुम्ही निवडलेल्या स्पेशालिस्टकडे त्याच्या खर्चाने करून द्या, किंवा त्या स्पेशालिस्टचं लेखी अंदाजपत्रक किमतीतून वजा करा. काम होईपर्यंत चाचणीतही इंजिन फार वरच्या आरपीएमपर्यंत खेचू नका. तो कबूल झाला आणि लीक-डाउनचे आठ आकडे जवळजवळ आले तर गाडी घ्या. गाडी घेतल्यावरही किमतीच्या १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी लागेल. ती ठेवणं शक्य नसेल तर अजून एक वर्ष थांबा. "माझ्याकडे अजून दोन ग्राहक उभे आहेत" असं त्याने म्हटलं, तर गाडी त्या दोघांना घेऊ द्या.