सरावाचा कंटाळा आला तर

अरे, नौपाड्यात बिलियर्ड्स-पूलच्या टेबलाचे तासाचे पैसे भरतोस आणि सगळा वेळ गेम खेळण्यातच घालवतोस. पहिली २० मिनिटं फक्त स्टॉप शॉटला दे. पांढरा चेंडू आणि एक रंगीत चेंडू पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या भोकाच्या, सरळ रेषेत लाव, पांढरा मध्याच्या जरा खाली मार. टक्कर झाली की तो जागीच थांबला पाहिजे. आधी दोन्ही चेंडूंत १ फूट अंतर, मग २, मग ४. अंतर वाढलं की आणखी खाली किंवा जोरात मारावं लागतं, कारण कापडाच्या घर्षणानं उलटी फिरकी वाटेतच विरते. हे हाताला कळायला मला फार दिवस लागले.

१० पैकी किती जमले ते वहीत लिही. हुरूप मला त्या आकड्यांनीच दिला. फारच कंटाळा आला तर दहाच शॉट मार. शनिवारी मी आहे, वही आण.