महिला आयोगाची 'दखल' आणि उसने 'संज्ञान'

प्रश्न असा आहे, की 'महिला आयोगाने दखल घेतली' याचा नेमका अर्थ काय, आणि त्याऐवजी 'संज्ञान घेतले' म्हणणे अधिक शुद्ध ठरेल का.

मुळीच नाही. हिंदी वृत्तवाहिन्यांवरून उचललेल्या या 'संज्ञाना'चा संस्कृतातला जुना अर्थ ऐकमत्य असा आहे. 'सं गच्छध्वं सं वदध्वम्' हे ऋग्वेदाचे अखेरचे सूक्त संज्ञानसूक्त म्हणूनच ओळखले जाते. 'दखल' हा अरबी शब्द हाकलण्याच्या भरात आपले शुद्धिवादी आयोगाचे आरोपीशी एकमत घडवून आणतात, हे त्यांच्या गावीही नसते.

'दखल' मात्र रसाळ शब्द आहे. अरबीत 'दखल' म्हणजे आत शिरणे आणि 'खरज' म्हणजे बाहेर पडणे. दाखल, दाखला ही पहिल्याची लेकरे. खर्च आणि खारीज ही दुसऱ्याची. म्हणजे तक्रार दाखल होते तेव्हा ती आत येते आणि खारीज होते तेव्हा बाहेर जाते. 'दखल'च्याच धातूचा 'दखील' म्हणजे दुसऱ्याच्या आश्रयाला आलेला माणूस, ज्याचे रक्षण करणे अरब टोळ्यांत यजमानाचे कर्तव्य मानले जाई. हिंदीत दखल 'देतात', म्हणजे ढवळाढवळ करतात. मराठीने ती 'घेतली', आणि माझ्या मते त्यामागे दप्तरातली नोंद आहे, बाहेरची गोष्ट वहीत आत घेण्याची. ज्या कोशप्रेमींना मराठीतही हस्तक्षेपच दिसतो, त्यांनी 'दखलपात्र गुन्हा' म्हणजे ढवळाढवळ करण्याजोगा गुन्हा काय, हे एकदा सांगावे.

राष्ट्रीय महिला आयोगाच्या १९९०च्या कायद्यातले कलम १० याच अर्थाची दखल आयोगाकडे सोपवते. तक्रार आत घ्यावी, प्रसंगी स्वतःहून घ्यावी, आणि चौकशीपुरते दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढावे, कागदपत्रे मागवावीत, शपथपत्रावर पुरावा घ्यावा. शिक्षा देण्याचा अधिकार त्यात नाही. शिफारशीही सरकारवर बंधनकारक नाहीत, त्या नाकारल्याची कारणे अहवालासोबत संसदेपुढे ठेवली की झाले. शिवाय सदस्य नेमणारे आणि निधी देणारे सरकार तेच, ज्याच्या कारभाराची झाडाझडती आयोगाने घ्यायची. महाराष्ट्रात तर फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात राज्य महिला आयोगाला अध्यक्षच नव्हत्या. दखील दाराशी आणि यजमानाचा पत्ता नाही, अशी ही अवस्था टाळेबंदीच्या ऐन दिवसांत होती.

तेव्हा 'आयोगाचा दणका' असे मथळे देणाऱ्यांनी 'दखल घेतली, पोलिसांकडून अहवाल मागवला' एवढेच लिहावे, आणि 'दखल दिली' असे तर कधीच लिहू नये.