कॅथेटर निघणार कधी, हे रोज विचारा

ताई, सासूबाईंचं वय ७१, मधुमेह, आयसीयूत कॅथेटरचा (लघवीच्या नळीचा) नववा दिवस, १०१ ताप, लघवी गढूळ. तुम्ही विचारताय, नळी घालतानाच काही चुकलं असेल का? असेलही. पण माझा संशय नळी काढायचं विसरणाऱ्यांवर जास्त आहे.

वय, मधुमेह, वाढलेलं क्रिएटिनिन (म्हणजे मूत्रपिंडं थकल्याची खूण), बाईचा आखूड मूत्रमार्ग, इन्फेक्शनचा धोका वाढवणाऱ्या या गोष्टींचं आता काही करता येत नाही. कमी करता येतात ते नळीचे दिवस. कॅथेटरच्या दर दिवसामागे लघवीत जंतू येण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के. महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच येतात. तासागणिक लघवी मोजायची म्हणून घातलेली नळी पेशंट उठून बसून पेज प्यायला लागला तरी तशीच. चादर ओली होत नाही ना, मग घाई कुणाला?

खरी चीड येते ती जोडाची. नळी आणि युरोबॅग (लघवी साठायची पिशवी) यांचा जोड एकदा लावला की उघडायचा नाही. पण खरेदी विभाग सॅम्पल पोर्ट (नळीवरची नमुना घ्यायची जागा) नसलेला स्वस्त सेट घेतो. मग कल्चरसाठी (जंतू कोणता ते शोधायच्या तपासणीसाठी) सिस्टर एकतर जोड सोडवते, नाहीतर बॅगेच्या तोटीतून लघवी घेते. पहिल्यात जंतू आत जातात. दुसऱ्यात बॅगेत साचून वाढलेले जंतू रिपोर्टात उतरतात आणि नको ते अँटिबायोटिक सुरू होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘आधीचा स्टॉक संपू दे.’

तेव्हा सॅम्पल कुठून घेतलं ते आधी विचारा. पोर्ट अल्कोहोलने घासून, वाळू देऊन, सिरिंजने घ्यायचं असतं. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून. शिवाय नुसती गढूळ लघवी म्हणजे इन्फेक्शन नव्हे. ताप छातीचा किंवा सेंट्रल लाइनचाही (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचाही) असतो. ते डॉक्टरच ठरवतील, मी पेशंट पाहिलेला नाही.

सीटीला नेताना बॅग सर्रास पेशंटच्या पायांमध्ये ठेवतात आणि नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. निघण्याआधी बॅग रिकामी करून घ्या, स्ट्रेचरच्या कडेला मूत्राशयाच्या खाली अडकवा, जमिनीला टेकू देऊ नका. रिकामी करायचं भांडं प्रत्येक पेशंटचं वेगळं हवं. एकच मग सगळ्या बेडवर फिरताना दिसला तर बेधडक बोला.

आणि वैतागून नळी स्वतः ओढू नका. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो, तो आधी सिरिंजने रिकामा करावा लागतो.