पहिलं घड्याळ जुळवताना

सुटे भाग जोडून महागड्या घड्याळासारखं घड्याळ हातानं जुळवायचं ठरवलंस, फार छान! पण डायलवर रोलेक्सचं नाव मात्र टाकू नकोस, ती नक्कल ठरते. डायल कोरी ठेव, नाहीतर स्वतःचं नाव घाल.

मशीन सैकोचं एनएच३५ घे: ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं), २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला २१,६०० ठोके. त्याला बसणारी २८.५ मिमीची डायल, काटे, केस म्हणजे बाहेरची डबी, सगळं सहज मिळतं.

खरी कसोटी काट्यांची. आधी चावी फिरवून तारीख बदलू दे; ती टक्कन पडली की तिथेच थांब आणि तासकाटा बरोबर बारावर बसव. मग मिनिटकाटा, शेवटी सेकंदकाटा. प्रत्येक काटा डायलला समांतर आहे ना, हे बाजूनं भिंगातून बघ. काटे एकमेकांना घासले तर घड्याळ अडकतं. स्टेम, म्हणजे चावीची बारीक दांडी, कापताना थोडी लांबच ठेव, मग कानशीनं घासत आण.

पंखा बंद कर. इंदूरच्या मे महिन्यात जिवावर येतं, पण काचेखाली एक तूस गेलं की सगळं पुन्हा उघडावं लागतं. हे सगळं करण्याआधी राजवाड्याकडच्या एखाद्या जुन्या घड्याळजीकडून भंगारातलं मशीन मागून घे, चिमट्यावर हात बसेल.